पडद्यापुढची खुर्ची

सांगली,
मंगळवार, १० डिसेंबर १९९६

चि. सौमित्र,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी घे. आमच्या नाट्यस्पर्धेचा निकाल काल लागला आणि नेपथ्याची ढाल, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, आपल्या अण्णांच्या नावाची ढाल, साताऱ्याच्या ‘उसनं पाणी’ला मिळाली. नेपथ्यकार म्हणून तुझं नाव वाचलं तेव्हा मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या बाई दचकल्या. परीक्षक तिघेही बाहेरगावचे. तू माझा भाचा हे त्यांना ठाऊकही नव्हतं, त्यामुळे कुणाला नाक मुरडायला जागा नाही.

रविवारी मी तिसऱ्या रांगेत होते. पडदा उघडला आणि मागे ती दगडी विहीर! काठोकाठ पाणी. मग अंधार झाला, उजेड आला तर पाणी निम्म्यावर. पुन्हा अंधार, आणि मग थेट तळ. अर्ध्या मिनिटात अख्खा पडदा बदलायचा आणि हूं की चूं नाही! अण्णा नाटक कंपनीत पडदे रंगवायचे तेव्हा एक पडदा खाली सोडायला चार माणसं लागायची, आणि त्यांतला एक जण हमखास ओरडायचा. परीक्षकांनी खास लिहिलंय, ‘पडदे बदलण्याची चपळाई कौतुकास्पद.’ आणि दगडांवरची ती ओल! मला तर गारवा जाणवला.

तुझी तिसरीतली गाय मला अजून आठवते. हे कुणाचं टेबल काढलंस, असं मी विचारलं होतं आणि तू रडला होतास. आणि आता ही विहीर! म्हणजे अण्णांचा हात घरात आला म्हणायचा. ते गेल्यापासून एवढा आनंद मला झाला नव्हता, खरं सांगते.

बक्षीस समारंभ १९ जानेवारीला, रविवारी. आणि हो, आमच्या महिला मंडळाच्या सभागृहाला एक पडदा हवाच आहे. वीस फूट बाय बारा. कृष्णेचा घाट काढ, त्यावर चार बायका कपडे धुताना. तू रंगवणार असं मी सभेत सांगूनही टाकलंय.

आता आशीर्वाद.

तुझी,
शकुंतला आत्या

---

सातारा,
१६ डिसेंबर

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, उजवं कोपर सोडून. ते नेमकं परवा लचकलं. वैद्य म्हणाले, कुंचला तर सोडाच, खडूही उचलायचा नाही. शाळेत सध्या तोंडी गणित चाललंय. हे पत्रसुद्धा डाव्या हातानं लिहितोय. तेव्हा कृष्णेचा घाट या वर्षी राहिलाच म्हणायचा. चार बायकांना माझ्या वतीनं क्षमा माग.

बक्षिसाचा आनंद आहेच. पण आत्या, नाटक म्हणजे एकट्याचं काम नव्हे. पडद्यामागे आमचे लालासाहेब होते, त्यांची मोठी मदत झाली. त्यांचं नाव कुठे आलं नाही याचं वाईट वाटतं.

समारंभाला सगळ्यांनी यायची गरज आहे का? ढाल कुणी एस.टी.नं आणली तरी चालेल.

तुझा,
सौमित्र

---

सांगली,
२१ डिसेंबर

चि. सौमित्र,

तुझं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे. तेच चालू ठेव.

कोपराला तिळाचं तेल कोमट करून लाव. महिन्याभरात बरा होशील. पडद्याला फेब्रुवारी उजाडला तरी मंडळाची हरकत नाही, मी विचारून घेतलं. कापड आणून शिवूनही झालं.

मयूरी सुट्टीत साताऱ्याला मैत्रिणीकडे येते आहे, तिच्याबरोबर अण्णांची कुंचल्यांची पेटी पाठवते. मयूरी माझी पोटची पोर, पण तिलाही त्या पेटीला मी कधी हात लावू दिला नाही. अण्णा कंपनीत एकोणीस वर्षं होते. नटांची नावं हातभर मोठ्या अक्षरांत भिंतीभिंतीवर लागायची. त्यांचं नाव एकदाही कुठं छापलं नाही. लोक पडद्याला टाळ्या द्यायचे आणि हे विंगेत रंगाचे हात पुसत उभे असायचे. म्हणून तर ती ढाल मी सुरू केली. ती तुझ्याकडे आली, मग पेटीही तुझ्याकडेच यायला हवी.

तुझे लालासाहेब म्हणजे दोऱ्या ओढणारे गृहस्थ ना? फार चपळ माणूस. त्यांना माझ्याकडून नारळ दे.

समारंभाला तू येणार. ढाल पार्सलनं घेतात का रे?

आत्या

---

सातारा,
२७ डिसेंबर

ती. आत्यास,

काल मयूरी पेटी देऊन गेली. उघडली तर कुंचल्यांच्या दांड्यांवर अण्णांच्या बोटांच्या खुणा. आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही, सरळ लिहितो.

माझं कोपर ठणठणीत आहे. आणि ती विहीर मी रंगवलेली नाही. ती कुणीच पडद्यावर रंगवलेली नाही. मी फक्त एक पांढरं कापड ताणून बांधलं. त्यावर मागून यंत्रानं चित्र टाकलं होतं.

लालासाहेब दोऱ्या ओढत नाहीत. ते माण तालुक्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पुढे जत्रेतल्या तंबू थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचे. तिथं काचेवर जाहिराती रंगवता रंगवता चित्रांचा नाद लागला. तळहाताएवढ्या काचेवर सुईनं आणि फोटोच्या रंगांनी चित्र काढतात आणि ते पडद्यावर बारा फुटांचं होतं. ‘उसनं पाणी’साठी त्यांनी तीन काचा केल्या. भरलेली विहीर, निम्मी विहीर, तळ. अर्ध्या मिनिटात पडदे बदलले नाहीत, काचा बदलल्या. चपळाई म्हणशील तर दोन बोटांची.

ओल मात्र खरी होती. कापड भिजवलं की मागचं चित्र पुढं स्पष्ट उमटतं, म्हणून पडदा उघडण्याआधी मी त्यावर तांब्यानं पाणी मारलं. माझी खरी कामगिरी तेवढीच.

तुमच्या प्रवेशपत्रिकेत नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा असे रकाने होते. पडद्यावर चित्र टाकणाऱ्याचा रकानाच नव्हता. कापड मी बांधलं म्हणून नेपथ्यात माझं नाव गेलं. लालासाहेबांचं कुठं लिहू विचारलं तर तेच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मास्तर. मशीनवाल्याचं नाव कुटं अस्तंय? चित्र संपलं की लोक चपला हुडकाय लागत्यात.” आणि मीही राहू दिलं. निकाल कळला तेव्हाही ते म्हणाले, “झ्याक झालं!” आणि मला पेढा भरवला. तो पेढा अजून घशात आहे.

तुला लगेच लिहायला हवं होतं. पण ‘अण्णांचा हात घरात आला’ हे तुझं वाक्य वाचलं आणि मला मोह झाला. गाय काढणाऱ्या पोराला कुणी प्रथमच चांगला चित्रकार म्हटलं होतं.

ढाल मला नको. ती त्यांची आहे. त्यांना ती कशी मिळेल एवढं बघ. पेटी मयूरीबरोबर परत पाठवतो, एकही कुंचला हलवलेला नाही.

तुझा,
सौमित्र

---

(पोस्टकार्ड)

सांगली, ३१ डिसेंबर

सौमित्र,

आयत्या बिळावर नागोबा! पेटी पोचली. मी तीन आठवडे गावभर त्या विहिरीची आरती ओवाळत फिरले, आता कुठल्या तोंडानं बाजारात जाऊ? सध्या तुझ्याशी बोलत नाही. पोस्टमनकाका, तुम्ही हे वाचत असाल तर वाचा.

शकुंतला

---

सांगली,
६ जानेवारी १९९७

सौमित्र,

अजून रागावलेलीच आहे, पण काम अडलंय म्हणून लिहिते.

चार दिवस विचार केला. माझा राग निम्मा तुझ्यावर, निम्मा माझ्यावर. अण्णांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मी ढाल काढली, आणि त्याच ढालीनं दुसऱ्या एका माणसाचं नाव झाकलं. ‘दोऱ्या ओढणारे गृहस्थ’ असं लिहिताना माझा हात अडखळला नाही रे.

शनिवारी समितीपुढे गेले. नानासो अध्यक्ष म्हणाले, परीक्षकांचा निर्णय अंतिम. मी म्हटलं, अंतिम असेल, पण ते बघत होते काय? मग म्हणाले, चित्र तर यंत्रानं पडतं, यंत्राला बक्षीस द्यायचं तर उद्या पंख्यालाही द्यावं लागेल. मी म्हटलं, बाजाची पेटीही यंत्रच की. तिला बक्षीस देता का वाजवणाऱ्याला? त्यावर नानासो चहा प्यायले.

शेवटी मी सांगितलं, या कलेचं वेगळं बक्षीस याच वर्षी सुरू करा, नाहीतर अण्णांची ढाल मी घरी घेऊन जाते आणि तिच्यात पापड वाळत घालते. तेव्हा वाटाघाटी सुरू झाल्या. एका सभासदांनी नावच सुचवलं, ‘प्रक्षेपित दृश्यसंयोजन पारितोषिक’. मी म्हटलं, हे उच्चारेपर्यंत समारंभ संपेल. अखेर ‘पडद्यावरील चित्रयोजना’ यावर एकमत झालं. पहिलं वर्ष, म्हणून मानपत्र आणि शाल. नेपथ्याची ढाल या वर्षी कुणालाच नाही.

पण नानासोंची एक अट आहे. ते म्हणतात, हे काम आम्हाला डोळ्यांनी दाखवा. समारंभाच्या दिवशी सभागृहात ‘उसनं पाणी’ पुन्हा करा. यंत्र कुठं आहे, काच कुठं आहे, हे आम्ही आधी मागे जाऊन बघू. पटलं तर मानपत्र, नाहीतर विषय बंद. तेव्हा लालासाहेबांना भेट आणि विचार. पायांवर डोकं ठेवून विचारलंस तरी हरकत नाही.

आत्या

---

सातारा,
१३ जानेवारी

ती. आत्यास,

काल लालासाहेबांकडे जाऊन आलो. दहिवडीला एस.टी. बदलून पुढे अर्धा तास चाललो. ते अंगणात शेरडाच्या पायाला औषध लावत होते. तुझं पत्र त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. पापडापाशी ते इतके हसले की शेरडू सुटून पळालं.

मग त्यांनी ते धरून आणून बांधलं. मी ढालीबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “आवं मास्तर, तुमी मागितली न्हवती, तुमाला मिळाली. तुमचा काय गुन्हा? पर खरं सांगू? त्या दिवशी तुमचं नाव वाचलं तवा हितं जरा दुखलं.” आणि छातीला हात लावला. आत्या, तो पेढा त्यांनी मला कसा भरवला असेल, ते मला काल कळलं.

मानपत्राचं ऐकून म्हणाले, “कागुद द्या, न्हाईतर नगा देऊ. माझं एक मागणं हाय, ते पुरं करा.” मला वाटलं, नवीन बल्ब वगैरे मागतील.

त्यांची बायको बनुबाई. जत्रांच्या नाटकांना लालासाहेब वीस वर्षं चित्रं टाकतात आणि ती वीस वर्षं पडद्यामागे त्यांच्याजवळ बसून काचा पुसून हातात देते. काचा एवढ्या तापतात की चुकीच्या ठिकाणी धरल्या तर चरचरून भाजतं. तिची बोटं बघवत नाहीत. मागून चित्र उलटं दिसतं, डावं उजवीकडे. “तिनं एक बी नाटक फुडनं बघितलं न्हाई,” लालासाहेब म्हणाले. “तिला फुडल्या रांगेत एक खुर्ची द्या. मग मी येतो.”

बनुबाई आतून ओरडली, “मग काचा कोन दील?”

मी म्हटलं, “मी देईन.” दोघांनी एकमेकांकडे बघितलं. विश्वास बसला नसावा, पण लालासाहेबांनी लगेच सराव सुरू केला. अंगणात तासभर मी त्यांना रिकाम्या काचा देत होतो. काच डोकं खाली करून लावायची, बाजू चुकली तर चित्र उलटं. तीन वेळा चुकलो. एक चटकाही बसला, मशीन चालू केलं तेव्हा. बनुबाईनं त्यावर राख चोळली आणि म्हणाली, “आता शिकशीला.”

तेव्हा १९ तारखेला मी पडद्यामागे असेन. तिची खुर्ची तू सांभाळ.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाठवतोय. निदान उद्यापुरतं तरी गोड बोल.

तुझा,
सौमित्र

---

सांगली,
२१ जानेवारी

चि. सौमित्र,

तिळगूळ संपला आणि रागही. परवा तू पडद्यामागे घाम पुसत होतास आणि नंतर गाडीच्या गडबडीत तुला काही सांगताच आलं नाही. पुढे काय झालं ते मी बघितलं, म्हणून तपशीलवार लिहिते. जपून ठेव.

नानासो आणि मंडळी आधी मागे आली तेव्हा तू होतासच. पण परत येताना त्यांची तोंडं तू बघायला हवी होतीस. ती तळहाताएवढी काच उजेडाकडे धरून नानासो म्हणाले, “यात दगड मोजता येतात हो!” माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसले. मला पंख्याचं विचारायचं होतं.

बनुबाईला मी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. नवीन हिरवं लुगडं, केसांत अबोली. खुर्चीवर मांडी घालून बसली. लोकांकडे बघून मला हळूच म्हणाली, “बाय, मला हितं कसंतरीच हुतंय. हातात काच न्हाई.” मी तिचा हात माझ्या हातात घेतला. बोटं खरंच बघवत नाहीत.

दिवे गेले, पडदा उघडला आणि भरलेली विहीर दिसली.

बनुबाई ताडकन उभी राहिली. “आगं बया! ही तर आमची हिर!”

मागून लोक ‘बसा, बसा’ करायला लागले. नटानं पहिलं वाक्य टाकलं ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी तिला खाली बसवलं. ती माझ्या कानाशी बोलायला लागली, आणि तिचं कानाशी बोलणं पाचव्या रांगेपर्यंत पोचत होतं. “मागनं पायऱ्या उजव्या अंगाला दिसायच्या, बाय. मी म्हनायची, आसंल कुनाची तरी. आन काचंवर तर लिंबाएवढी, ती बी खाली डोकं. आता वळखली! त्यो बघा, त्यो वरचा दगूड, त्याच्यावर मी घागर ठेवायची.”

नंतर म्हणाली, “एवढं पानी मी नवी नवरी हून आले त्या साली बघितलं हुतं. फुडं कवाच न्हाई.”

अंधार झाला. उजेड आला तेव्हा पाणी निम्म्यावर होतं. तिनं माझा हात घट्ट धरला. पुन्हा अंधार, आणि तळ. “ही आताची,” ती म्हणाली. बास, तेवढंच. मला नाटकात पुढे काय झालं ते विचारू नकोस. मी तिच्याकडेच बघत होते.

तू काच एकदाही चुकला नाहीस, हे इथं नमूद करते.

नंतर नानासोंनी मानपत्र वाचलं. ‘पडद्यावरील चित्रयोजना, वर्ष पहिले, श्री. लालासाहेब.’ लालासाहेब तुझ्या बाजूनं पुढे आले, तोवर तू यंत्र आवरायला वळला होतास, म्हणून हे तुला दिसलं नाही. विंगेतून बाहेर पाऊल टाकताना ते थबकले. सगळे दिवे लागलेले, समोर चारशे माणसं, आणि त्यांना हात कुठं ठेवावेत कळेना. माझ्या डोळ्यांपुढे अण्णा उभे राहिले.

शाल झाली, मानपत्र झालं, टाळ्या थांबेनात. नानासोंनी माईक त्यांच्यासमोर धरला, दोन शब्द बोला म्हणाले. लालासाहेबांनी पहिल्या रांगेकडे बघितलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, “बनू, दिसलं का नीट?”

ती खुर्चीतूनच म्हणाली, “दिसलं. पर आवं, आपली हिर हाय ही, तुमी सांगितलं का न्हाई मला?”

लालासाहेब म्हणाले, “तुलाच दाखवाया काढली हुती. तू कवा फुडं बसलीसच न्हाईस.”

तुझी,
आत्या